दहा गोलांचा धडा आणि जकार्ताचे सुवर्ण

नागपुरात फुटबॉलचे प्रेम सगळ्या शहरात सारखे पसरलेले नाही. ते कामठीत आहे, मोहननगरात आहे, आणखी काही मोजक्या वस्त्यांत आहे. पण जेथे आहे तेथे पिढीजात आणि कडवे आहे. रब्बानी, यंग मुस्लिम यांसारख्या क्लबांचा सामना संपल्यावर मैदानाच्या कडेला जे वाद रंगतात, त्यांत दोन प्रश्न हटकून निघतात. समोरून चेंडू घेऊन येणाऱ्या खेळाडूवर बचावपटूने झेप घ्यावी, की अंतर राखून, पाय न उचलता त्याला कडेकडे रेटत न्यावे, हा पहिला. प्रशिक्षकाच्या वागणुकीचा दुसरा. त्याने रेषेबाहेरून ओरडावे का, आपल्या ओळखीच्या मुलांना झुकते माप द्यावे का, दुखापत झालेल्या खेळाडूला मैदानात उतरवावे का? हे दोन्ही वाद भारतीय फुटबॉलमध्ये ज्या एका माणसाभोवती सर्वांत तीव्रतेने फिरले, त्याचे नाव सय्यद अब्दुल रहीम.

२०२४ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'मैदान' या हिंदी चित्रपटामुळे रहीम यांचे नाव नव्या पिढीपर्यंत पोचले. त्याआधी दोन वर्षे, २०२२ मध्ये, नागपूरच्या झोपडपट्टीतील फुटबॉलवर बेतलेला नागराज मंजुळे यांचा 'झुंड' येऊन गेला होता. दोन्ही चित्रपटांच्या मध्यभागी क्रीडाशिक्षक आहे, हा योगायोग नागपूरकरांच्या नजरेतून सुटला नसावा. चित्रपटाला गोल दाखवायला आवडतात, आणि ते स्वाभाविकच आहे. गोल होऊ न देण्याची विद्या पडद्यावर फारशी खुलत नाही. रहीम यांनी भारतीय फुटबॉलला जे दिले, त्यातील मोठा वाटा मात्र याच विद्येचा होता.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. तेव्हाचे हैदराबाद म्हणजे निजामाचे संस्थान. औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड हे मराठी जिल्हे त्याच संस्थानात होते आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यातच राहिले. उस्मानिया विद्यापीठातून पदवी घेतल्यावर रहीम यांनी शिक्षकी पेशा पत्करला. शहरातील निरनिराळ्या शाळांत त्यांनी शिकवले आणि शारीरिक शिक्षणाचे प्रशिक्षणही घेतले. स्वतः ते विद्यापीठाच्या आणि स्थानिक क्लबांच्या संघांतून खेळले, पण खेळाडू म्हणून त्यांचे नाव गावाबाहेर गेले नाही. चाळीसच्या दशकात हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिवपद त्यांच्याकडे आले आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांच्या हाती आला. हा संघ त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

शिक्षक असण्याचा त्यांच्या कामावर झालेला परिणाम उघड दिसतो. त्या काळी देशात ज्याला प्रशिक्षण म्हणत, ते बहुतांशी कवायत आणि उत्तेजन एवढ्यावर भागत असे. रहीम यांनी खेळाचे धडे पाडले. मुलांसाठी त्यांनी ड्रिब्लिंगला मज्जाव असलेल्या स्पर्धा भरविल्या. चेंडू पायात येताच तो साथीदाराकडे गेला पाहिजे, एवढाच त्यांचा नियम. ज्याचा उजवा पाय चालतो त्याने डाव्याच पायाने खेळायचे, अशाही स्पर्धा त्यांनी घेतल्या. ज्या देशात चेंडू पायाला चिकटवून तीन-चार जणांना चकविणारा खेळाडू प्रेक्षकांच्या गळ्यातील ताईत होता, तेथे हा प्रयोग अनेकांना रुक्ष वाटला असेल तर नवल नाही.

या स्पर्धांचा विचार बहुतेक जण आक्रमणाच्या अंगाने करतात. बचावाच्या बाजूने पाहिले तर त्यांचे महत्त्व अधिक आहे. ड्रिब्लिंग करणाऱ्या खेळाडूवर झेप घेणे सोपे असते, कारण चेंडू कोठे आहे ते दिसत असते. पण चेंडू एका स्पर्शात पुढे जाऊ लागला की झेपेचा उपयोग संपतो. बचावपटू जमिनीवर पडतो तोवर चेंडू तिसऱ्याच्या पायात गेलेला असतो आणि मागे एक माणूस कमी झालेला असतो. अशा खेळात वाढणाऱ्या मुलाला चेंडूकडे कमी आणि मोकळ्या जागेकडे जास्त पाहावे लागते. आपला साथीदार पुढे गेला तर त्याच्या मागची जागा कोणी भरायची, हे त्याला आपोआप कळू लागते.

या शिकवणीचा पहिला मोठा प्रत्यय मुंबईकरांना आला. कुपरेज मैदानावरील रोव्हर्स चषक ही देशातील सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक. हैदराबाद पोलिसांनी हा चषक १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वर्षे जिंकला. कोलकात्याचे बलाढ्य क्लब ज्या स्पर्धेसाठी गाड्या भरून येत, तेथे दक्षिणेकडील पोलिसांचा एक संघ पाच वर्षे कोणाला दाद देत नव्हता. पुढे राष्ट्रीय स्पर्धेतही हेच झाले. १९५६-५७ आणि १९५७-५८ असा सलग दोनदा संतोष करंडक हैदराबादकडे गेला.

हेलसिंकीचे दहा गोल

राष्ट्रीय संघाचे काम रहीम यांच्याकडे आले आणि १९५१ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्याच आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने सुवर्णपदक मिळविले. शैलेन मन्ना कर्णधार होते. अंतिम सामन्यात मेवालाल यांच्या एकमेव गोलने इराणचा पराभव झाला. देशात आनंदीआनंद होता. तो जेमतेम सव्वा वर्ष टिकला.

१५ जुलै १९५२ रोजी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरविले. भारताचा गोल अहमद खान यांनी केला. अनेक भारतीय खेळाडू तेव्हाही अनवाणी खेळत होते. या पराभवाचे खापर अनवाणी पायांवर फुटले आणि त्यात तथ्यही होते. परदेशातील थंड, ओलसर हिरवळीवर उघड्या पायाला पकड मिळत नाही. वळताना तोल जातो, आणि बूट घातलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या पायात पाय घालायला मन धजत नाही. या स्पर्धेनंतर बूट सक्तीचे झाले.

मात्र बूट नव्हते म्हणून दहा गोल झाले, एवढ्यावर थांबणे ही पळवाट ठरली असती. त्या वेळचा भारतीय बचाव दोन फुलबॅकच्या वैयक्तिक पराक्रमावर उभा होता. गोष्ट पाल यांच्या काळापासून बंगालने बचावपटू म्हणजे भिंत, अशी प्रतिमा जपली होती. एक अजस्र माणूस उभा राहतो आणि येणाऱ्याला परतवून लावतो, ही ती कल्पना. युरोपातील संघांनी मात्र सेंटर हाफला मागे ओढून तिसरा बचावपटू केला होता आणि त्यावर उपाय म्हणून हंगेरीने आपल्या सेंटर फॉरवर्डलाच मागे खेळवायला सुरुवात केली होती. याच हेलसिंकीत हंगेरीने सुवर्णपदक जिंकले. भिंत कितीही भक्कम असली तरी तिला वळसा घालून जाता येते, हे भारतीय संघाने दहा वेळा अनुभवले होते.

त्यानंतर १९५४ च्या मनिला आशियाई स्पर्धेत संघाची सूत्रे बलाईदास चॅटर्जी यांच्याकडे होती. भारत गटातच बाद झाला. रहीम पुन्हा आले ते १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आले, आणि बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबर रोजी, भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवून उपांत्य फेरी गाठली. चारपैकी तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. उपांत्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. या वेळी पहिला गोल भारताचा, तोही डिसूझा यांचाच, पण अखेरीस ४-१ असा पराभव झाला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून ०-३ अशी हार पत्करावी लागून भारत चौथा आला. चौथ्या क्रमांकाला पदक नसते. तरीही चार वर्षांपूर्वी दहा गोल करणाऱ्या संघाविरुद्ध उत्तरार्धातही काही काळ आघाडी राखणे, ही प्रगती साधी नव्हती.

मर्जीचा आरोप

रहीम यांच्यावर टीका झाली नाही असे नाही. राष्ट्रीय संघात हैदराबादच्या खेळाडूंची संख्या वाढू लागली, तसा कोलकात्यातून नाराजीचा सूर उमटू लागला. देशाच्या फुटबॉलची राजधानी आपली, पत्रकारिता आपली, प्रेक्षक आपले, मग संघात पोलिसांची भरती कशाला, असा तो एकंदर रोख होता. या आरोपात काहीच अर्थ नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रशिक्षकाला आपण घडविलेला खेळाडू अधिक भरवशाचा वाटतो. ते मानवी आहे, आणि नेमके म्हणूनच ते तपासून पाहिले पाहिजे.

तपासायचे तर १९६० च्या रोम ऑलिंपिककडे पाहावे. त्या संघात रहीम यांचे चिरंजीव एस. एस. हकीम होते. भारताने तीन सामने खेळले. हंगेरीकडून १-२ असा पराभव, फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी आणि पेरूकडून १-३ अशी हार. फ्रान्सविरुद्धचा गोल कर्णधार पी. के. बॅनर्जी यांचा होता, उरलेल्या दोन सामन्यांतील गोल तुलसीदास बलराम यांचे. हकीम एकाही सामन्यात मैदानात उतरले नाहीत. वडील प्रशिक्षक असताना ऑलिंपिकला जाऊन राखीव बाकावरून परत येणे त्या तरुणाला किती जड गेले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. मुलाला संघात घेतले, यावर बोट ठेवता येईल. मुलाला खेळविले, असे कोणालाही म्हणता येणार नाही. हकीम पुढे आंतरराष्ट्रीय पंच आणि प्रशिक्षक झाले. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

फ्रान्सशी बरोबरी, हंगेरीविरुद्ध अवघ्या एका गोलने हार. या निकालांमागे बचावाची नवी घडण होती. या काळात दोन अगदी भिन्न प्रकृतीचे बचावपटू रहीम यांच्या हाताखाली आले. जर्नेलसिंग हे फाळणीत विस्थापित झालेल्या पंजाबी कुटुंबातील. उंचेपुरे, धिप्पाड, निर्भय. स्लायडिंग टॅकल हे त्यांचे खास अस्त्र. धावत येऊन ते जमिनीवर घसरत आणि चेंडू साफ काढून नेत. मोहन बागानच्या प्रेक्षकांना त्यांचे वेड होते. दुसरे अरुण घोष. घोष क्वचित पडत. चेंडू कोठे येणार हे ओळखून ते आधीच तेथे उभे असत. त्यामुळे त्यांचा खेळ डोळ्यांत भरत नसे. मैदानाबाहेरच्या वादात जर्नेलसिंगांची बाजू घेणारे नेहमीच जास्त मिळतील. घसरत जाऊन काढलेल्या चेंडूला टाळ्या पडतात, चेंडूची वाट आधीच अडवून उभ्या असलेल्या माणसाला त्या मिळत नाहीत.

रहीम यांना या दोघांतून एकाची निवड करायची नव्हती. जर्नेलसिंग झेपावतात म्हणूनच मागे घोष हवेत, हा त्यांचा हिशेब होता. पहिल्याची झेप चुकली तर तिची भरपाई दुसऱ्याने करायची. नागपुरातील कट्ट्यांवर ज्या प्रश्नावर दोन तट पडतात, त्याचे हे उत्तर होते. एकट्या बचावपटूसाठी झेप हा जुगार आहे. पाठीशी माणूस असेल तर तीच झेप डावपेच ठरते.

डोक्याला टाके आणि एक निर्णय

१९६२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धा जकार्तात झाल्या. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. त्याबद्दल भारताचे ज्येष्ठ क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर आक्षेप घेतल्यामुळे यजमान देशात भारताविरुद्ध संताप उसळला. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. खेळाडूंना बाहेर वावरणेही अवघड झाले. मैदानात राष्ट्रगीताच्या वेळीसुद्धा प्रेक्षकांनी हुर्यो उडविली.

स्पर्धेची सुरुवात वाईट झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरविले. नंतर थायलंडवर ४-१ आणि जपानवर २-० असे विजय मिळवून भारत उपांत्य फेरीत पोचला. पण थायलंडविरुद्धच्या सामन्यात जर्नेलसिंग यांच्या डोक्याला खोल जखम झाली आणि टाके घालावे लागले. त्या काळी बदली खेळाडूची सोय नव्हती. मैदानात उतरवायचे आणि तो कोसळला तर उरलेला वेळ दहा जणांनी खेळायचे, असा तो मामला होता.

रहीम यांनी जर्नेलसिंग यांना उतरविले, पण बचावात नव्हे. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध ते सेंटर फॉरवर्ड म्हणून खेळले. विद्यार्थिदशेत ते आघाडीला खेळले होते, हे रहीम विसरले नव्हते. भारताने ३-२ असा विजय मिळविला. दोन गोल कर्णधार चुनी गोस्वामी यांचे, एक जर्नेलसिंग यांचा.

अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री कोणालाच झोप येईना, असे त्या संघातील खेळाडू पुढे सांगत. फेरफटका मारायला बाहेर पडलेल्या काहींना रहीमही अस्वस्थपणे फिरताना दिसले. त्यांनी कोणाला रागावून परत धाडले नाही. उद्या तुमच्याकडून मला एक भेट हवी आहे, सुवर्णपदकाची, एवढेच त्यांनी मागितले. ही हकिकत अनेकांनी अनेकदा सांगितली आहे. तपशील थोडेफार बदलतात, मागणे तेच राहते.

४ सप्टेंबर १९६२. सेनायन स्टेडियमवर सुमारे एक लाख प्रेक्षक, आणि जवळजवळ सगळे विरोधात. भारताच्या बाजूने ओरडणाऱ्यांत पाकिस्तानचा हॉकी संघ होता, अशीही आठवण खेळाडू सांगत. समोर पुन्हा दक्षिण कोरिया. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी गोल केला. तीनच मिनिटांनी डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नेलसिंग यांनी दुसरा. कोरियाला एक गोल मिळाला तो शेवटच्या पाच मिनिटांच्या तोंडावर. भारत २-१ असा विजयी झाला.

या सामन्याची गोष्ट नेहमी जर्नेलसिंग यांच्या गोलावर संपते. खरे तर जर्नेलसिंग पुढे गेले तेव्हा मागे काय उरले, हे विचारायला हवे. ज्या संघाने गटात दोन गोल चढविले होते, त्याच संघाविरुद्ध अंतिम सामन्यात आपला सर्वांत जबरदस्त बचावपटू मागून काढून घेण्याचे धाडस प्रशिक्षकाने केले. गोलात पीटर थंगराज, बचावात उजवीकडे चंद्रशेखर, मध्ये अरुण घोष, डावीकडे त्रिलोकसिंग, त्यांच्या पुढे मदतीला फोर्च्युनॅटो फ्रँको. चंद्रशेखर केरळचे, पण मुंबईत कॅल्टेक्सकडून खेळणारे. फ्रँको गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत वाढलेले. या माणसांनी पाऊण तासाहून अधिक काळ दोन गोलांची आघाडी सांभाळली. हेलसिंकीच्या संघातून मुख्य बचावपटू काढून घेतला असता तर गोलांची मोजदाद करणे अवघड झाले असते. जकार्तात भिंत बाजूला झाली आणि तरी घर उभे राहिले.

मात्र जखमी खेळाडूला उतरविणे योग्य होते का, हा प्रश्न यशाने मिटत नाही. डोक्याच्या दुखापतीबाबत आज फुटबॉलचे नियम कडक झाले आहेत. अशा खेळाडूच्या जागी जादा बदली खेळाडू घेण्याची तरतूद २०२४ मध्ये नियमावलीत कायमची दाखल झाली. आजच्या कसोटीवर रहीम यांना जाब द्यावा लागला असता. त्यांच्या बाजूने इतकेच म्हणता येते की बदली खेळाडू नसलेल्या काळात त्यांनी जर्नेलसिंग यांना बचावातील सततच्या धडकांपासून दूर नेले. आघाडीलाही हेडर असतात, हे खरे. जर्नेलसिंग यांनी तक्रार केली नाही, हेही खरे. पण सुवर्णपदकाच्या उंबरठ्यावर कोणता खेळाडू तक्रार करील? हा वाद कामठीच्या मैदानावर आजही उभा राहिला तर तो व्यर्थ म्हणता येणार नाही.

जकार्ताहून परतल्यावर रहीम यांना फार दिवस मिळाले नाहीत. कर्करोगाने त्यांना अंथरुणाला खिळविले. ११ जून १९६३ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ५३ वर्षांचे होते. सुवर्णपदकाला जेमतेम नऊ महिने झाले होते.

१९६० नंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये खेळलेला नाही. आशियाई क्रीडा स्पर्धेत १९७० मध्ये बँकॉकला कांस्यपदक मिळाले, त्यानंतर पदक नाही. प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाला, तोवर रहीम यांना जाऊन बावीस वर्षे उलटली होती.

त्यांच्या निधनानंतरच्या मोसमात, १९६३-६४ साली, संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यात महाराष्ट्र आणि रहीम यांचा आंध्र प्रदेश समोरासमोर आले. महाराष्ट्राचा कर्णधार होता जकार्तातील उजव्या बाजूचा बचावपटू चंद्रशेखर. सामना महाराष्ट्राने १-० असा जिंकला. रहीम यांच्या गावच्या खेळाडूंना त्या दिवशी एकही गोल करता आला नाही.